मेनमध्ये स्वस्त घर शोधताना तेलाची टाकीही बघा
अमेरिकेतल्या मेन राज्यात राहायला जायचा विचार असेल तर पोर्टलंड आणि किनारपट्टी सोडून आत सरका. ल्युइस्टन, वॉटरव्हिल, बँगोर इथली भाडी त्यामानाने आवाक्यात असतात. बँगोरला मोठं रुग्णालय, विमानतळ आणि शेजारी ओरोनोत विद्यापीठ, म्हणून मला तेच सगळ्यात सोयीचं वाटतं. पण नुसतं भाडं बघून होकार देऊ नका. मेनमधली निम्म्याच्या आसपास घरं हिवाळ्यात तेल जाळून गरम ठेवतात. तळघरातली टाकी बहुधा २७५ गॅलनची असते. ती कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. मागच्या हिवाळ्याची तेलाची बिलं घरमालकाकडे मागा, खिडकीच्या फटीशी हात धरून वारा लागतो का तेही बघा. उत्तरेचं प्रेस्क आइल आणखी स्वस्त, पण तिथे जायचं तर आधी नोकरी पक्की करा.