घाणेरी कशी काढावी, म्हणजे ती पुन्हा फुटणार नाही

घाणेरीवर, म्हणजे टणटणी किंवा लँटाना या काटेरी झुडपावर, सल्ले फुकट मिळतात. एक म्हणतो छाटून टाका, दुसरा म्हणतो पेटवून द्या, तिसरा थेट जेसीबी बोलावतो. छाटलेली घाणेरी पावसाळ्यात चौपट फांद्यांनी वर येते. पेटवलेली वरवर जळते, बुंधा जमिनीत शाबूत राहतो आणि भोवतीचं गवत तेवढं खाक होतं. जेसीबीने उतारावरची सगळी माती सैल होते. मग पाऊस ती वाहून नेतो आणि जी उरते तिच्यात घाणेरीचंच बी उगवतं.

ही बया मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आता देशातल्या वाघांच्या मुलखात सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात ती पसरली आहे. तिला मारायला परदेशातून किडेही आणून सोडले, त्यांनी पानं कुरतडली, पण ती हटली नाही. तेव्हा काम हातानेच करायचं आहे.

आधी ठरवा, कुठली काढायची

सगळीच काढायला निघू नका. बांधावर कुंपण म्हणून घाणेरी राखणाऱ्या शेतकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत, म्हणून तर त्याने ती राखली आहे. (दुष्काळात भुकेलं जनावर ती खातं, मग त्याचं यकृत बिघडतं आणि उन्हाने कातडी सोलवटते, हे मात्र त्याला जरूर सांगा.) कुणाची चूल तिच्या काटक्यांवर पेटते. फुलपाखरांचे फोटो काढणारी मंडळी तर तिच्या नावाने हळहळतात. फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरंच आहे. पण घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत मरतं, आणि गवतावर जगणारी फुलपाखरं, लावे, ससे त्या जागेतून जातात. ते कुणाच्या फोटोत येत नाही.

म्हणून एका वेळी एक पट्टा घ्या, आणि तो दोन-तीन वर्षं सांभाळता येईल एवढाच घ्या. झुडपात बुलबुलाचं चालू घरटं दिसलं तर ते झुडूप सोडून पुढे जा. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, हेतू कितीही चांगला असो.

हत्यारं आणि वेळ

कोयता, कुदळ, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पहिल्या एक-दोन पावसांनी माती मऊ झाली की सुरुवात करा. आधी काठीने जाळी बडवून घ्या, कारण फुरशाला, या विषारी सापाला, ही जागा फार आवडते. फांद्यांवर काळी फळं असतील तर त्या फांद्या आधी कापून गोणीत भरा. नाहीतर झुडूप ओढत नेताना तुम्हीच वाटभर बी पेरत जाल.

गाठ

आता खरं काम. बाहेरच्या फांद्या छाटून बुंध्यापर्यंत पोचा. बुंधा मातीत शिरतो तिथे एक फुगीर, खरखरीत गाठ असते. बोटांनी माती बाजूला केली की तिच्यावर बारीक, तांबूस कोंब दिसतात. घाणेरी पुन्हा फुटते ती या गाठीतून. तिच्या खालच्या मुळातून फुटत नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात याच गोष्टीवर बेतलेली पद्धत वापरली: गाठीच्या लगेच खाली, जमिनीखाली साधारण ३ ते ५ सेंटिमीटरवर, मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं.

ऐकायला सोपं आहे. हाताला बसायला मला बराच काळ गेला, आणि नवीन येणारा प्रत्येक जण इथेच अडतो. एक तर तो जमिनीलगत घाव घालतो आणि गाठ खाली राहते. नाहीतर जोशात गुडघाभर खड्डा खणतो. खोल खणण्याची काही गरज नाही. जितकी माती उकराल तितकं त्यातलं जुनं बी वर येणार.

उतारावर आणखी एक फसगत होते. वरून वाहून आलेली माती बुंध्याभोवती साचते आणि गाठ वीतभर खाली जाते. म्हणून अंतर जमिनीपासून मोजू नका, गाठीपासून मोजा. गाठ डोळ्यांना दिसल्याशिवाय कुदळ उचलायचीच नाही, हा आमच्याकडचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला मी सरळ फांद्या ओढायच्या कामाला लावतो.

एकाने झुडूप एका बाजूला वाकवून ताणून धरावं, दुसऱ्याने ताणलेल्या मुळावर तिरका घाव घालावा. मूळ तुटल्याचा झटका धरणाऱ्याच्या हाताला कळतो. लगेच खड्ड्यात बोट घालून उरलेलं टोक चाचपा. गुळगुळीत, एकेरी लागलं तर ते सोडून द्या. खरखरीत लागलं तर गाठीचा तुकडा राहिलाय, पुन्हा घाव घाला. जमिनीला टेकलेल्या फांद्यांनाही मुळं फुटलेली असतात. तिथे वेगळी, लहान गाठ तयार होते. तीही काढायची.

उपटलेलं झुडूप मुळं आभाळाकडे करून खडकावर नाहीतर छाटलेल्या फांद्यांच्या ढिगावर ठेवा. ओल्या मातीवर आडवं टाकलंत तर ते पुन्हा जीव धरतं.

नंतर

खड्डा बुजवा, पायाने दाबा. वाळलेल्या काठ्या न्यायला कुणी आलं तर नेऊ द्या. कर्नाटकात मलै महादेश्वराच्या डोंगरात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काठ्या उकळून, साल काढून, वाकवून खुर्च्या करतात.

मोकळी जागा तशीच सोडू नका. आदल्या वर्षी पावसाळ्यानंतर गोळा केलेलं पवन्या, डोंगरी, मारवेल या गवतांचं बी त्याच दिवशी फेका. जागा खोल मातीची असेल तर करवंद, तोरण, धायटी लावा. "लवकर हिरवं दिसेल" म्हणून कुणी गिरिपुष्पाच्या फांद्या आणल्या तर त्या परत पाठवा. तेही अमेरिकेतूनच आलंय.

पुढचे दोन-तीन पावसाळे फेरी मारा. संपूर्ण पट्टा पिंजत बसू नका. बुलबुल जिथे बसतात त्या बोरी-बाभळींच्या खाली आधी बघा, बी तिथेच पडतं. पान चुरगळून वास घेतला की रोप ओळखू येतं. वीतभर असेपर्यंत ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतं. गुडघ्याएवढं झालं की पुन्हा कुदळ आणावी लागते.