पोराला होमस्टेवर पाठवून इंग्लिश शिकवायचं असेल तर

होमस्टेमध्ये, म्हणजे परदेशात तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहून, पोरगं सकाळी शाळेत जातं पण खरं इंग्लिश शिकतं ते संध्याकाळी त्या घरच्या टेबलावर, त्यामुळं एजंटला पहिलं हेच विचारा की त्या घरात दुसरं मराठी-हिंदी बोलणारं पोरगं असणार का, असेल तर सरळ घर बदलून मागा, नाहीतर दोघं दिवसभर आपल्याच भाषेत बोलत बसणार.

यूकेला पाठवत असाल तर शाळेला ब्रिटिश कौन्सिलची मान्यता आणि ज्या घरात राहणार तिथल्या मोठ्यांचा डीबीएस चेक (गुन्ह्याची नोंद आहे का याची सरकारी तपासणी) झालेला पाहिजेच. 6 महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर व्हिसावर होतो, पण पोरगं 16 च्या आतलं आणि त्या घरी 28 दिवस किंवा जास्त राहणार असेल तर तिथल्या लोकल कौन्सिलला, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या ऑफिसला, कळवावं लागतं. आईबाबांचं सहीचं संमतीपत्र लागतंच.

आता तयारी. कोल्हापुरात पाहुण्याला नको नको म्हटलं तरी वाढतात, तिकडं एकदाच विचारतात आणि नो म्हटलं की भांडं उचललं! त्यामुळं ‘कॅन आय हॅव सम मोअर’, ‘माय टमी हर्ट्स’ ही वाक्यं आत्तापासून घरी जेवताना बोलून घ्या, ग्रामरपेक्षा हे लई महत्त्वाचं आहे.

फोन रोज नको. उन्हाळ्यात आपल्याकडं रात्री साडेनऊला यूकेत संध्याकाळचे पाच असतात, तेव्हा दोन दिवसाआड दहा मिनिटं बोला. पहिल्या आठवड्यात रडेल, तेव्हा लगेच परतीचं तिकीट बघू नका, आधी त्या घरच्या बाईंशी बोला.