नागपुरात घरच्या घरी गाडीत सबवूफर बसवायला शिकलो तेव्हा

गाडीतल्या सबवूफरसाठी, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, माझा पहिला बॉक्स मी मोजून-मापून कापला होता, तरी तो आतून जवळपास एक तृतीयांश लहान निघाला. बारा इंची स्पीकरच्या कागदावर बंद बॉक्ससाठी एक घनफुटाच्या आसपास जागा सांगितली होती. मी 14 × 13 × 10 इंच असा हिशोब केला. गुणाकार 1820 घनइंच, त्याला 1728 ने भागलं की 1.05 घनफूट. लकडगंजमधून 18 मिमीचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणलं आणि तीच मापं बाहेरून धरून कापायला दिली. फळ्यांची जाडी वजा जाता आत उरलं फक्त 0.72 घनफूट. बेस खोल उतरायचाच नाही, एकाच सुरावर ठोकत राहायचा. महिनाभर मी अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) दोष देत होतो.

म्हणून मापं नेहमी आतली धरा. 18 मिमी फळी असेल तर लांबी, रुंदी, उंची प्रत्येकात 36 मिमी वाढवून मगच कटिंगला द्या. स्पीकरचा मागचा भाग जेवढी जागा खातो तीही वजा करायची असते. पहिला बॉक्स बंदच करा. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक किंवा नळी ठेवलेला, जोरात वाजतो हे खरं, पण त्याच्या पोर्टचं माप चुकलं तर खालच्या सुरांवर कोन (स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा) मोकाट हलतो आणि त्यामागची तारेची कॉइल जाते. बंद बॉक्समध्ये आतली हवाच स्प्रिंगसारखी कोनला आवरून धरते, थोडीफार चूक पोटात घालते.

सांध्यांना फेव्हिकॉल भरपूर, स्क्रूसाठी आधी ड्रिलने बारीक भोक (नाहीतर एमडीएफची कड फाटते), आणि आतून प्रत्येक कोपऱ्यात सिलिकॉनची रेघ. ते दिवसभर वाळू द्या, मग स्पीकर कसून 30 हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवा. सांधा पक्का असेल तर धूर सरळ वर जातो. फट असेल तिथे तो थरथरतो. माझ्या दुसऱ्या बॉक्सला मागच्या खालच्या कोपऱ्यात अशी फट सापडली, डोळ्यांना ती अजिबात दिसत नव्हती.

एमडीएफ पाणी पितं. आपल्याकडे पावसाळ्यात डिक्कीत ओली छत्री, ओला रेनकोट पडतोच, आणि कापलेली कड एकदा फुगली की परत बसत नाही. कारपेट चिकटवण्याआधी सगळ्या कडांना प्रायमरचे दोन हात मारा. उन्हाळ्याचं वेगळंच. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी त्याहून कितीतरी तापते. अ‍ॅम्प कारपेटखाली दाबून ठेवला तर थोड्या वेळात थर्मल प्रोटेक्शनला जाऊन बंद पडतो. त्याला चारी बाजूंनी हवा लागेल असा बसवा. बॉक्सवर स्क्रूने ठोकू नका, कंपनाने आतले सोल्डर सुटतात.

आता वायरिंग. इथे घाई करणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण गाड्या इथेच पेटतात. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावू नका, त्या बहुतेक गाड्यांत एअरबॅगच्या असतात. डब्यावर छापलेले हजार-दीड हजार वॉट विसरा, आरएमएस, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकतो तो, आकडा बघा. 300 वॉट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प साधारण 80 टक्के कार्यक्षम धरला, तर तो 13.8 व्होल्टवर सुमारे 27 अँपिअर ओढतो. त्याला 10 चौरस मिमीची शुद्ध तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर आणि 40 अँपिअरचा फ्यूज मी वापरतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तेवढाच करंट न्यायला ती बरीच जाड घ्यावी लागते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. तो अ‍ॅम्प वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना पत्र्याच्या भोकात रबर ग्रोमेट घाला. पॉवर वायर एका बाजूने आणि आरसीए केबल (स्टिरिओकडून अ‍ॅम्पला सिग्नल देणारी) दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते.

अर्थिंग, म्हणजे अ‍ॅम्पची ग्राउंड वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं, मी आमच्या वस्तीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडून शिकलो. माझा अ‍ॅम्प आवाज वाढवला की बंद पडायचा. काकांनी मल्टीमीटरची एक पिन अ‍ॅम्पच्या ग्राउंडला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, गाणं जोरात लावायला सांगितलं. काटा दीड व्होल्टच्या वर.

"काहून रे, पेंटवरच बोल्ट कसला काय? करंटले परत जायचा रस्ताच नाही ठेवला तू."

त्यांनी पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) पुन्हा क्रिंप केलं, म्हणजे दाबून घट्ट बसवलं, बोल्ट कसून वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर 0.2. ग्राउंडची वायर पॉवर वायरइतकीच जाड आणि दीड फुटाहून लांब नको.

अ‍ॅम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओचा सिग्नल अ‍ॅम्पशी जुळवायचा स्क्रू आहे, हे समजायला बहुतेकांना एक कॉइल जाळावी लागते. तुम्ही आधीच मोजा. अ‍ॅम्पचे 300 वॉट गुणिले स्पीकरचे 4 ओहम, त्याचं वर्गमूळ 34.6 व्होल्ट. सबवूफरची वायर काढून ठेवा, बेस बूस्ट शून्यावर, लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) पूर्ण उघडा, स्टिरिओ पाऊण आवाजावर. 50 हर्ट्झचा टोन लावा आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटला एसी व्होल्ट मोजत, मीटर 34 दाखवेपर्यंत गेन वाढवून थांबा. घरची वीजही 50 हर्ट्झचीच, त्यामुळे साधा मल्टीमीटर या टोनवर बरोबर दाखवतो. मग लो पास 80 हर्ट्झवर आणा. शेवटी स्पीकरच्या प्लस-मायनस एकदा उलट जोडून ऐका, ज्यात ड्रायव्हरच्या सीटवर बेस भरीव लागतो ते ठेवा. दोन स्पीकर असतील तर लक्षात असू द्या: 4 ओहमचे दोन समांतर जोडले की 2 ओहम होतात, आणि तेवढा भार सगळ्याच अ‍ॅम्पना झेपत नाही.

याच कामात पोट भरायचं असेल तर आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड उपयोगी पडतो, पण त्याबरोबर एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सहा महिने तरी हाताखाली बसा. स्टिरिओवाल्यापेक्षा त्याच्याकडे जळलेल्या वायरी जास्त बघायला मिळतात. प्रत्येक गाडीचं वहीत लिहून ठेवा: बॅटरीचे व्होल्ट, अ‍ॅम्पपाशी व्होल्ट, ग्राउंडचा ड्रॉप, फ्यूज किती. गिऱ्हाईक वर्षाने परत येतं तेव्हा ते पान उघडलं की बिघाड कुठे ते निम्मं कळतं.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं जोरात वाजवून, गाणं बंद करून फ्यूज होल्डरला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर क्रिंप सैल आहे, ती कापून पुन्हा करा, आणि दोन आठवड्यांनी सगळे बोल्ट एकदा परत कसा.