इंग्रजीतून गणित शिकवायला शिकताना : उत्साह मारणाऱ्या या चुका टाळा

मुंबईतील मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग असल्यामुळे, स्वतः मराठीतून गणित शिकलेल्या बी.एड.च्या छात्राध्यापकांवर ते इंग्रजीतून शिकवण्याची वेळ येते. सुरुवातीला त्यांना हौस असते; ती विरते ती बहुधा गणितामुळे नव्हे, तर आपण प्रशिक्षक त्यांच्या इंग्रजीच्या मागे लागतो म्हणून.

सर्वांत वाईट खोड म्हणजे चालू पाठात व्याकरण तपासणे. परळच्या एका शाळेत सहावीच्या वर्गावर एका छात्राध्यापिकेने कागदी पट्टीला घड्या घालून आठ समान भाग केले, त्यांतील तीन-चतुर्थांश पट्टी रंगवली आणि ‘हाऊ मेनी वन-एट्थ इज हिअर?’ असे विचारले. मुलांनी रंगीत भाग मोजून सहा हे उत्तर काढले, म्हणजे ३/४ ÷ १/८ = ६ हे त्यांना कोणताही नियम न सांगता गवसले. निरीक्षक सहकाऱ्यांनी मात्र तिला तिथेच थांबवून, मुलांसमोर, ‘इज’च्या जागी ‘आर’ म्हणायला लावले. त्यांच्या शेऱ्यांत पट्टीचा उल्लेखही नव्हता. पुढच्या पाठाला तिने पट्टी आणलीच नाही. ‘इन्व्हर्ट अँड मल्टिप्लाय’ (भाजक अपूर्णांक उलटा करून गुणा) हे घोकलेले वाक्य तिने बिनचूक म्हटले, एका मुलाने ‘टीचर, उलटायचं कशाला?’ असे विचारल्यावर तेच पुन्हा म्हटले आणि उरलेल्या सराव पाठांसाठी दुसरा विषय मागितला.

मी भाषेचे शेरे वेगळ्या कागदावर लिहितो आणि पाठानंतर, मुलांना काय कळले यावर बोलून झाल्यावरच, त्यांतील दोन सांगतो. पाठाआधी तोच घटक पुस्तक मिटून मराठीतून समजावायला लावतो. ज्याला ‘का’ हे मराठीत सांगता येत नाही, त्याने इंग्रजी वाक्ये पाठ करण्याची घाई करू नये.

‘आधी इंग्रजी सुधारतो, मग वर्गावर जातो’ हेही टाळावे; दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेत घालवायचे किमान २० आठवडे अशा वाट पाहण्यात वाया जातात. मागच्या तुकडीचे पाठ टाचण उतरवून काढणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.

केवळ टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) जोरावर उत्साह टिकवू पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ती बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा आहे, आणि वर्गातले मूल पर्याय देऊन प्रश्न विचारत नाही.

वर्गात मराठीवर बंदी घालणे ही आणखी एक हौशी चूक. मुलांना मराठीत उत्तर देऊ द्यावे आणि तेच फळ्यावर इंग्रजीत लिहावे.