प्रो व्हायची घाई आणि रेंजवरची शिकवणी

"ताई, हँडिकॅप स्क्रॅचपर्यंत (म्हणजे शून्यावर) आलाय, आता प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, होऊ का?" असं गोल्फ खेळणाऱ्या मुली विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: इतक्यात नको. अ‍ॅमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडू, राहून जेवढं पदरात पडतंय तेवढं आधी पाडून घ्या.

"प्रो झालीस की स्पॉन्सर धावत येतील" हे क्लबातल्या काकांचं आवडतं वाक्य. शिळा सल्ला आहे तो. जानेवारी 2022 पासून अ‍ॅमॅच्युअर स्टेटसचे नियम बदलले. स्पॉन्सर घ्यायला आता आडकाठी नाही. बॅगेवर कंपनीचं नाव खुशाल लावा. मर्यादा आहे ती बक्षिसाला, 700 पौंड किंवा 1000 डॉलर.

खरी मेख शिकवणीत आहे. तुम्ही सरावाच्या रेंजवर सात नंबरची आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) घोटत असता. शेजारी एक मुलगा चेंडूऐवजी मॅटच बडवत असतो. त्याची आई येते, "ह्याची ग्रिप जरा बघता का? तासाचं काय ते देते." ग्रीन फी (मैदानाचं शुल्क), कॅडी (बॅग उचलणारा सोबती), बूट, सगळं घरून मागायची लाज वाटत असते, म्हणून आपण हो म्हणतो. झालं! समोरासमोर शिकवून मोबदला घेतला की स्टेटस गेलं. रोख असो, यूपीआय असो, "फी नको, माझ्या चेंडूंच्या बादलीचे पैसे भरा" असो. त्या दिवशी कुणी काही बोलत नाही. बोंब होते ती संघनिवडीच्या वेळी. माझ्या बाबतीत हेच झालं. "सगळेच करतात गं" म्हणणारे सीनियर तेव्हा फोन उचलत नव्हते. स्टेटस परत मिळतं, पण अर्ज करा, वाट बघा, आणि तोवर सीझन निघून जातो. शाळा-कॉलेजात किंवा मान्यताप्राप्त उपक्रमात शिकवायला काही सवलती आहेत. पण होकार देण्याआधी इंडियन गोल्फ युनियनला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

एवढं जपायचं कशाला? कारण भारतीय संघातून परदेशी अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा, अमेरिकन कॉलेजची गोल्फ शिष्यवृत्ती, हे सगळं त्या एका स्टेटसवर टांगलेलं असतं. शिवाय आपल्या महिला प्रो टूरवर अ‍ॅमॅच्युअर म्हणूनही उतरता येतं. गोल्फर अवनी प्रशांतने तर तशाच स्पर्धा जिंकल्या. गोल्फर अदिती अशोकने 2015 च्या डिसेंबरमध्ये मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा जिंकली तीही अ‍ॅमॅच्युअर म्हणूनच, आणि मग 2016 उजाडताना ती प्रो झाली. त्याच वर्षी गुरुग्रामला महिलांची इंडियन ओपन मारली. आधी टूरचं कार्ड (टूरवर खेळायचा परवाना), मग प्रो. हा क्रम उलटा करू नका.

प्रो झाल्यावरचा हिशेब कडू आहे. आपल्याकडे महिलांची पर्स, म्हणजे बक्षिसाची रक्कम, पुरुषांच्या मानाने फार लहान. एंट्री, तिकीट, हॉटेल, कॅडी हे सगळं आधी खिशातून जातं, आणि कट हुकला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठी नाव राहिलं नाही, की हात हलवत घरी. निदान एका पूर्ण सीझनचा खर्च बाजूला असल्याशिवाय फॉर्मवर सही नको.

ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, लांब जात नाही म्हणून मात्र रडू नका. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती मैदानातल्या सर्वांत कमी लांब मारणाऱ्यांपैकी होती, तरी चौथी आली. पटिंगवर, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलमध्ये घालण्यावर. आणि बॅग आईच्या खांद्यावर होती! "घरच्यांना कॅडी करू नये" असं छातीठोक सांगणाऱ्या कोचांचं मी तेव्हापासून ऐकणं सोडलं. आईला ग्रीनचा उतार कळतो की नाही हे बघा, बाकी नातं असू दे.

एक राहिलंच. फेरी संपली की मार्करसोबत (तुमचे फटके लिहिणारी सोबतची खेळाडू) स्कोअरकार्डावरचा एकेक होल मोठ्याने वाचा. पाच फटके लागलेत तिथे चार लिहून सही झाली तर बाद. चारच्या जागी पाच लिहिले गेले तर ते पाचच धरतात. उन्हात अठरा होल चालून आल्यावर आधी पाणी प्यावंसं वाटतं. आधी कार्ड.