अंजिरावरची खवले कीड: या चुका टाळा

अंजिराच्या फांदीवर तपकिरी, फुगीर ठिपके दिसले की बरेच जण ते सालीचेच समजून सोडून देतात. सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. अंजिराच्या सालीवर मुळातच बारीक उंचवटे आणि गळलेल्या पानांचे वण असतात, त्यामुळे फसगत होते. नखाने खरवडून बघा. ठिपका टवका निघावा तसा सुटला, तर ती खवले कीड, म्हणजे कवचाखाली एका जागी चिकटून झाडाचा रस शोषणारी कीड. चिरडल्यावर ओल लागली तर जिवंत, कोरडा भुगा झाला तर मेलेली. पानामागची मधली शीरही तपासा. पानं चिकट होऊन त्यांवर काळी बुरशी धरली असेल, तर मऊ कवचाची जात आहे. कठीण कवचाची जात असा चिकटा (गोडसर चिकट द्रव) सोडत नाही, म्हणून पानं स्वच्छ दिसली तरी फांद्या बघायलाच हव्यात.

दुसरी चूक म्हणजे कीड दिसली की थेट फवारणी. मोठ्या किडीच्या मेणचट कवचावरून औषध ओघळून जातं. आधी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात फांद्या हलक्या हाताने घासा. फार भरलेल्या फांद्या छाटून टाका. कापल्यावर निघणारा चीक अंगाला लागू देऊ नका, त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते. हातमोजे घालाच. छाटलेल्या फांद्या घरच्या खताच्या डब्यात नकोत.

फवारणीचा खरा उपयोग रांगत्या पिल्लांवर होतो, कारण त्यांना अजून कवच नसतं. ती मोहरीहूनही बारीक असतात. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळा. तिच्यावर पिवळसर कण अडकले की पिल्लं फिरू लागली असं समजा. तेव्हा लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण घालून, उन्हं उतरल्यावर पानांच्या मागूनही फवारा. कपड्यांची पावडर वापरू नका, पानं करपतात. एकदा फवारून थांबणं हीदेखील चूकच. अंडी कवचाखाली सुरक्षित असतात आणि नंतर फुटतात, म्हणून दर ७ ते १० दिवसांनी पुन्हा फवारा.

मुंबईच्या पावसाळ्यात तेल धुऊन जातं, म्हणून उघडीप पाहूनच फवारा. दमट हवा व्हर्टिसिलियम लेकॅनी या, किडीला मारणाऱ्या मित्रबुरशीला मात्र मानवते. ती खतं-बियाण्यांच्या दुकानात मिळते. लिटरला ५ ग्रॅम पुरते. तिच्या मागेपुढे बुरशीनाशक मारलंत, तर तीच मरेल.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात आणि ढालकिड्यांसारख्या मित्रकीटकांना हुसकावतात. कुंडी ग्रिलला किंवा भिंतीला टेकलेली असेल तर मुंग्यांना आयता पूल मिळतो, ती थोडी पुढे ओढा. शेजारची जास्वंदही तपासा, तिच्यावरही खवले कीड असू शकते.

मातीत घालायचं आंतरप्रवाही (मुळांतून झाडभर पसरणारं) कीटकनाशक दुकानदार सुचवेल. फळं घरात खायची आहेत, मुलं खाणार आहेत; अंजिराला ते अजिबात घालू नका. युरियाही आवरा. नत्र जास्त झालं की फूट कोवळी, रसरशीत येते आणि कीड तिथेच वाढते.

मेलेली कवचं फांदीवर महिनोन्महिने चिकटून राहतात. ती पाहून औषधाचा डोस वाढवू नका. नवी फूट स्वच्छ आहे का आणि खरवडल्यावर ओल लागते का, एवढंच बघा.