हँडलवरची ब्रेकची मूठ दाबवत नसेल तर: पायाने थांबणारी सायकल कशी जुळवावी

संधिवाताने अण्णांची बोटं आखडली आणि रोज हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला जाणारी त्यांची सायकल कोपऱ्यात उभी राहिली. पाय ठणठणीत होते, फक्त ब्रेकची मूठ दाबवत नव्हती. त्यांच्यासाठी पहिल्यांदा मी मागे पॅडल दाबून लागणारा ब्रेक बसवला आणि नंतर सांगलीतल्या बऱ्याच ओळखीच्यांच्या सायकलींना बसवला. 'हा लहान पोरांचा ब्रेक, मोठ्यांना पेलत नाही' असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. जर्मनीत १९०३ साली असाच ब्रेक पोटात असलेला टॉर्पेडो हब (चाकाच्या मधला, तारा ओवतात तो नळा) निघाला तो मोठ्या माणसांच्या रोजच्या सायकलींसाठीच.

यातली करामत सगळी मागच्या हबच्या पोटात असते. पुढे पॅडल मारलं की आतला कोन (शंकूसारखा लोखंडी तुकडा) आट्यांवरून एका बाजूला सरकतो आणि हबला पकडून चाक ओढतो. मागे दाबलं की तोच कोन दुसऱ्या बाजूला सरकतो आणि ब्रेक शू (घासून चाक थांबवणारे तुकडे) फाकवून हबच्या आतल्या भिंतीवर दाबतो. मोटरसायकलच्या ड्रम ब्रेकसारखंच हे काम. त्यामुळे पावसात रिम ओली झाली, काळ्या मातीचा चिखल बसला, तरी ब्रेकला फरक पडत नाही.

मागे गियर बदलायचा लोंबता हात असलेली सायकल असेल तर हा नाद सोडा. मागे दाबल्यावर ताण चेनच्या खालच्या बाजूवर येतो आणि तिथला स्प्रिंगचा हात तो सोसत नाही. एकाच चक्राची साधी सायकल घ्या. हब घेण्याआधी रिमची भोकं मोजा. जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या रिमला बहुतेक ४० भोकं असतात आणि हे हब सहसा ३६ भोकांचे मिळतात. चार भोकं रिकामी सोडून तारा ओवू म्हणणाऱ्याकडे चाक देऊ नका. ३६ ची रिमच घ्या.

जुनं चाक काढा, नवं बसवा, चेन चढवा.

आता खरं काम. हबच्या डाव्या बाजूला एक लोखंडी पट्टी असते. ती फ्रेमच्या मागच्या चाकाकडे येणाऱ्या खालच्या आडव्या नळीला क्लिपने जखडायची असते. ब्रेक लागतो तेव्हा फिरणारं चाक आतल्या शूंना आपल्यासोबत ओढून न्यायला बघतं आणि त्यांना धरून ठेवते ती ही पट्टी. पहिल्या वेळी मी क्लिपचा बोल्ट हाताने आवळून ठेवला, पाना लावलाच नाही. चाचणीला हरिपूरच्या रस्त्यावर गेलो, बैलगाडी आडवी आली म्हणून मागे पॅडल दाबलं. बोल्ट वाटेतच गळला होता. पट्टी खाली फिरली आणि ब्रेक लागलाच नाही. चपला घासत रस्त्याकडेच्या चरात थांबलो. त्या जागी अण्णा असते तर, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा. क्लिप आधी नुसती अडकवा. चाक मागे ओढून चेन ताणा. मधोमध वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक मध्यावर आणून एक्सलचे नट घट्ट करा. क्लिपचा बोल्ट सगळ्यात शेवटी, पाना लावून, लॉकनटसह (बोल्ट सैल होऊ न देणारा नट). पट्टी नळीपर्यंत पोचत नाही म्हणून बोल्ट आवळून तिला वाकवू नका. तिरका ताण थेट कोनावर जातो आणि चाक जड फिरतं. फट असेल तर योग्य मापाची क्लिप आणा. तार किंवा सुतळी बांधून चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुढे चेन ढिली होऊन चाक मागे घ्याल तेव्हाही हीच क्लिप आधी सैल करायची. लोक ते विसरतात आणि पट्टी तिरकी होते.

चाक उचलून हाताने मागे-पुढे पॅडल फिरवून बघा, मग शिवाजी स्टेडियमच्या मोकळ्या जागेत सराव करा. दोन्ही क्रँक (पॅडलचे दांडे) आडवे असताना जोर नीट लागतो. थांबल्यावर पॅडल मागे फिरवून घेता येत नाही, म्हणून निघायचा पाय पुढे-वर येईल असं थांबायची सवय लावा.

चेन उतरली की हा ब्रेक संपला. म्हणून पुढचा ब्रेक काढू नका. अण्णांच्या पुढच्या ब्रेकची मूठ मी डावीकडे घेतली, त्या हाताला थोडी पकड आहे. जर्मनीतही एकमेकांवर न विसंबणारे दोन ब्रेक कायद्यानेच लागतात. साताऱ्याच्या मेहुण्यांना मी हा हब बसवून दिला नाही, कारण त्यांना यवतेश्वर घाट उतरायचा असतो. लांब उतारावर हब तापतो आणि ग्रीस जळतं. कॅलिफोर्नियात १९७६ पासून डोंगरावरून अशा सायकली शर्यतीत सोडत, तेव्हा दर उतारानंतर हबात नवं ग्रीस भरावं लागे आणि त्यावरूनच शर्यतीचं नाव 'रिपॅक' (पुन्हा भरणं) पडलं.

सपाट सांगलीत ती अडचण नाही. इथला शत्रू पाणी. २०१९ च्या पुरात बुडालेली सायकल बाहेरून पुसून चालवायला काढू नका. हब पूर्ण खोला, छर्रे आणि शू रॉकेलने धुवा, सुकवा आणि उष्णता सोसणारं ग्रीस भरा.